जुन्या सायकलीला नवा टायर: मापापासून हवेपर्यंत

माझ्या आजोबांची हिरवी रॅले सायकल बावीस वर्षे माळ्यावर पडून होती. खाली काढून ती पुसायला घेतली, तेव्हा टायरच्या बाजूचे रबर बोटाने दाबताच शिळ्या बिस्किटासारखे तुटू लागले. टायरवर ‘२६’ एवढाच आकडा वाचता येत होता, पुढची अक्षरे झिजून गेली होती. मी दुकानात जाऊन ‘सव्वीसचा टायर’ मागितला. दुकानदाराने ‘२६ × १ १/२’ असे छापलेला टायर काढून दिला आणि त्या संध्याकाळी मी व माझा धाकटा भाऊ दोन तास झटलो, तरी टायरची शेवटची वीतभर कड काही रिमवर चढली नाही. चूक फक्त ६ मिलिमीटरची होती. जुन्या सायकलीसाठी टायर शोधण्याचे निम्म्याहून अधिक काम हे असले ६ मिलिमीटर ओळखण्याचे असते आणि बाकीचे धीराचे, म्हणून हा लेख मापापासूनच सुरू करणे भाग आहे.

इंचांच्या आकड्यावर विश्वास का ठेवू नये

टायरवर छापलेला पहिला आकडा, म्हणजे २६ किंवा २८, हा हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा अंदाजे व्यास असतो. टायर रिमवर बसतो तो मात्र आतल्या बाजूने, आणि आतला व्यास किती हे या आकड्यातून कळत नाही. जुन्या इंग्रजी कारखान्यांनी बाहेरचे माप कायम धरले आणि टायर जाड की बारीक त्यानुसार रिम लहान किंवा मोठी केली. हा हिशेब एकदा मांडून पाहावा, म्हणजे सगळा घोळ उलगडतो. २६ इंच म्हणजे ६६० मि.मी. त्यातून दीड इंच जाडीच्या टायरची दोन्हीकडची जाडी, म्हणजे दोनदा ३८, वजा केली की ५८४ उरतात. १ ३/८ इंच जाडीच्या टायरसाठी दोनदा ३५ वजा केले की ५९० उरतात. सव्वा इंचाच्या बारीक टायरसाठी तेच उत्तर ५९७ च्या आसपास येते. तिन्ही टायर ‘सव्वीसचे’च आहेत, पण त्यांच्या रिमा तीन वेगवेगळ्या आहेत आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

अपूर्णांक आणि दशांश यांतला फरक तर आणखी फसवा आहे. १ ३/४ आणि १.७५ ही गणिताच्या वहीत एकच संख्या असली, तरी सायकलीच्या दुकानात ती दोन निरनिराळी मापे आहेत. ‘२६ × १.७५’ हा टायर ५५९ मि.मी.च्या रिमचा, म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेल्या माउंटन बाइकचा, तर ‘२६ × १ ३/४’ हे अमेरिकेतल्या जुन्या श्विन सायकलींचे ५७१ मि.मी.चे माप. दुकानदार ‘पावणेदोन म्हणजे पावणेदोन, बसेल हो’ असे म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा.

या गोंधळावर उपाय म्हणून युरोपातल्या टायर उत्पादकांच्या ईटीआरटीओ या संस्थेने ठरवलेली आणि पुढे आयएसओ ५७७५ या मानकात घेतली गेलेली पद्धत आता सर्वत्र चालते. नव्या टायरच्या बाजूवर ‘३७-५९०’ किंवा ‘४०-६३५’ असे काहीतरी बारीक अक्षरांत कोरलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो त्या बैठकीचा व्यास, दोन्ही मि.मी.मध्ये. रुंदीत थोडे इकडेतिकडे चालते. दुसऱ्या आकड्यात एका मिलिमीटरचीही तडजोड नाही.

आपल्या सायकलीचे माप कसे काढावे

जुन्या टायरवर मि.मी.चा आकडा वाचता आला, तर तो लिहून घ्यावा. आकडा झिजलेला असेल तर ओल्या फडक्याने बाजू पुसून त्यावर खडू घासावा, उठावाची अक्षरे पुष्कळदा पांढरी होऊन वर येतात. तरीही तेवढ्यावर थांबू नये, कारण तीस-चाळीस वर्षांत कोणीतरी चाक बदललेले असणे अगदी शक्य आहे. पुढचे आणि मागचे चाक स्वतंत्र मोजावे. आरे मोजल्यानेही एक अंदाज येतो: जुन्या इंग्रजी सायकलींना आणि त्यांच्या धर्तीवरच्या आपल्याकडच्या काळ्या सायकलींना रीतीप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. दोन्हीकडे ३६ भरले, तर चाके मूळची असण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

रिम प्रत्यक्ष मोजण्याची माझी पद्धत कागदाची आहे. सुतळी ताणली जाते आणि शिंप्याचा टेप रुंद असल्याने खाचेत नीट बसत नाही. टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढून टाकावी. साध्या कागदाच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून, एकमेकींना चिकटवून दोन मीटरहून लांब अशी एकच पट्टी तयार करावी. रिमच्या उभ्या कडेला आतून लागून जी अरुंद पायरी असते, त्या पायरीवर टायरची तारेची कड बसते. कागदी पट्टी त्याच पायरीवरून पूर्ण वेढा देऊन फिरवावी, जिथे टोकावर टोक येते तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि मग पट्टी जमिनीवर सरळ अंथरून पोलादी पट्टीने मोजावी. आलेल्या लांबीला ३.१४ ने भागले की बैठकीचा व्यास मिळतो. ५८४ च्या रिमचा वेढा सुमारे १८३५ मि.मी. भरतो, ५९० चा १८५४, ५९७ चा १८७६, ६२२ चा १९५४, ६३० चा १९७९ आणि ६३५ चा १९९५. व्यासातला ६ मि.मी.चा फरक वेढ्यात १९ मि.मी. होऊन समोर येतो, म्हणून व्यास आडवा मोजण्यापेक्षा वेढा मोजणे सोपे. तीनदा मोजावे, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आले तरच दुकानाची वाट धरावी.

कोणत्या सायकलीला बहुधा काय बसते

आपल्याकडची सर्वपरिचित उंच काळी सायकल, सळयांचे ब्रेक असलेली, जिच्यावर दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि अख्खी कुटुंबे वाहिली गेली, तिचे माप २८ × १ १/२, म्हणजे ६३५. अ‍ॅटलस, हीरो, एव्हन, मद्रासजवळच्या अंबत्तूर येथे १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सची हर्क्युलिस आणि फिलिप्स, आसनसोलची सेन-रॅले, मुंबईत वरळीला कारखाना असलेली हिंद, या सगळ्यांच्या थोराड सायकलींना हेच माप असे. तशाच बांध्याच्या थोड्या बुटक्या सायकलींना २६ × १ १/२, म्हणजे ५८४. हलक्या बांध्याच्या इंग्रजी रॅले आणि आपल्याकडच्या अनेक लेडीज सायकलींना २६ × १ ३/८, म्हणजे ५९०. आजोबांची सायकल याच वर्गातली निघाली. सव्वा इंचाच्या बारीक टायरची, ५९७ ची रिम इंग्लंडमधल्या जुन्या वेगवान सायकलींना येई. ती आपल्याकडे क्वचित दिसते, पण दिसली की हमखास फसवते.

वळलेल्या हँडलच्या, गिअर असलेल्या जुन्या सायकलींना बहुधा २७ × १ १/४, म्हणजे ६३० लागते. त्यांवर ६२२ चा, म्हणजे सध्याच्या ७०० सी मापाचा टायर बसवण्याचा मोह होतो, कारण तो कुठेही मिळतो. पण ८ मि.मी.ने लहान असलेला तो टायर ६३० च्या रिमवर चढतच नाही. त्यासाठी रिमच बदलावी लागते आणि ब्रेकचे रबर ४ मि.मी. खाली पोहोचते की नाही हे आधी पाहावे लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या एखाद्या गॅरेज सेलमध्ये जुनी श्विन घेऊन बसलेल्या वाचकांसाठी एक स्वतंत्र इशारा आहे. त्या सायकलींच्या टायरवर २६ × १ ३/८ असेच छापलेले असते, पण सोबत ‘एस-६’ असेल तर त्या रिमचे माप ५९० नसून ५९७ आहे. तिथल्या दुकानात नुसते इंच सांगितले की इंग्रजी मापाचा टायर हाती पडतो.

फारच जुन्या, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या सायकलींची गोष्ट वेगळी आहे. रिमची कड आत मुडपलेली असेल आणि जुन्या टायरच्या कडेत तार नसून नुसतीच जाड रबरी गोट असेल, तर तो कडेने अडकणारा जुना प्रकार समजावा. त्यावर आजचा तारेचा टायर चढवू नये. अशी सायकल हाती आली असेल तर आधी जाणकाराला दाखवावी. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचे एक खाजगी संग्रहालय आहे. तिथे जाऊन निरनिराळ्या काळच्या रिमा आणि टायर नुसते डोळ्यांखालून घातले, तरी नवख्या माणसाला पुष्कळ समजते.

टायर शोधायचा कुठे

६३५ आणि ५८४ या मापांच्या बाबतीत भारतात राहणारा माणूस नशीबवान आहे. ज्या टायरला परदेशात ‘व्हिंटेज’ म्हणतात, तो इथे अजून रोजच्या वापरातला माल आहे आणि लुधियानातले राल्सन व मेट्रो यांसारखे उत्पादक तो बनवत आले आहेत. मात्र तो शहरातल्या चकचकीत, काचेच्या दारांच्या सायकल-शोरूममध्ये मिळेलच असे नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या, बाहेर पंप टांगलेल्या दुकानात विचारावे. ‘काका, अठ्ठावीस-दीडचा टायर आहे का, दुधाच्या गाडीचा?’ असे विचारले की मालक न उठता वरच्या फळीकडे बोट दाखवतो. किंमत काहीशे रुपयांत असते. माझा तो चुकलेला २६-दीडचा टायर अखेर आमच्या इस्त्रीवाल्याच्या सायकलीला बसला, आणि ‘दादा, माप विचारून जायचं की’ एवढेच तो म्हणाला.

५९० चे टायर थोडे शोधावे लागतात, पण अनेक लेडीज सायकलींना तेच माप असल्यामुळे मध्यम आकाराच्या दुकानांत सापडतात. परदेशी बनावटीचे हवे असतील तर तैवानची केंडा आणि जर्मनीची श्वाल्बे या कंपन्यांच्या यादीत ३७-५९० आणि ४०-६३५ ही मापे शोधावीत. श्वाल्बेच्या डेल्टा क्रूझर या टायरमध्ये साय-रंगाचा प्रकारही निघतो, जो हिरव्या किंवा मरून सायकलीवर फार शोभतो. फ्रेंच पद्धतीची नावेही लक्षात असावीत, कारण ऑनलाइन शोधताना त्यांचा उपयोग होतो: ६५० ए म्हणजे ५९०, ६५० बी म्हणजे ५८४, ७०० बी म्हणजे ६३५ आणि ७०० सी म्हणजे ६२२. यातली ६५० बी ची गंमत सांगण्याजोगी आहे. गेल्या दशकात माउंटन बाइकवाल्यांनी जे ‘साडेसत्तावीस’ हे नवे माप म्हणून डोक्यावर घेतले, ते हेच ५८४. म्हणजे इस्त्रीवाल्याच्या २६-दीडच्या रिमला महागड्या माउंटन बाइकचा टायरही आतून बसतो. अडते ते रुंदीपाशी, कारण तो जाड टायर जुन्या चिमट्यात, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कमध्ये, आणि मडगार्डमध्ये मावत नाही. ४० मि.मी. रुंदीच्या आसपासचा मिळाला तर विचार करावा.

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार यांचा उल्लेख अनेक जण करतात. तिथे घंटी, दिवा, डायनॅमो, सीटवरचा बिल्ला असे काही मिळाले तर जरूर घ्यावे, पण टायर घेऊ नये. कारण पुढे येईलच.

ऑनलाइन खरेदी करताना वस्तूच्या नावावर न जाता टायरच्या बाजूवरच्या कोरीव आकड्याचा फोटो विक्रेत्याकडून मागवावा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर तो सौदा सोडून द्यावा. दोन्ही टायर एकाच वेळी घ्यावेत, आणि जमल्यास एक ट्यूब जास्तीची.

हातात घेऊन तपासणे

जुना पण न वापरलेला टायर, म्हणजे एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर कागदात गुंडाळलेला डनलॉप, पाहिला की संग्राहकाचे मन विरघळते. माझेही विरघळले होते. रबर मात्र न वापरताही म्हातारे होते. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. टायरचा एक भाग दोन्ही हातांत धरून नक्षी बाहेरच्या बाजूला येईल असा वाकवावा आणि उजेडात पाहावा. नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा उघडल्या तर तो टायर भिंतीवर टांगण्याच्या लायकीचा आहे, रस्त्याच्या नाही. मग कडेची तार चिमटीत धरून पूर्ण फेरा तपासावा. कुठे गंजाचा तपकिरी डाग फुटला असेल किंवा तार मोडल्यासारखी टोचत असेल तर टायर परत ठेवावा, कारण टायर रिमवर धरून ठेवण्याचे काम ती तारच करते. नवा टायर पिळून तीन वेढ्यांत बांधून येतो. तो घरी आणून एक दिवस मोकळा पसरून ठेवला की आकारात येतो.

रुंदीबद्दल एवढेच पाहावे की टायर आणि चिमटा, तसेच टायर आणि मडगार्ड यांमध्ये प्रत्येक बाजूला निदान ४-५ मि.मी. जागा राहील. नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक थांबते. बाटलीच्या आकाराचा डायनॅमो असेल तर टायरच्या बाजूला बारीक उभ्या रेघांचा पट्टा आहे का ते पाहावे, डायनॅमोचे चाक त्यावर पकडते.

ट्यूब, वॉल आणि रिमची पट्टी

५८४ आणि ५९० या दोहोंना २६ ची एकच ट्यूब चालते, कारण ट्यूब ताणली जाते. आपल्या जुन्या रिमांचे भोक जाड वॉलचे असते. रबरी वॉलट्यूबचा जो वॉल आपण लहानपणापासून पाहतो, तो आणि मोटारसायकलसारखा जाड वॉल, दोन्ही त्यातून जातात. शर्यतीच्या सायकलींचा बारीक वॉल मात्र त्या भोकात हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब कापतो. वॉलट्यूबचा वॉलच ठेवणार असाल तर दोन-चार रुपयांची ती रबरी नळी नवी घालावी, कारण हवा उतरण्याचे खापर आपण पंक्चरवर फोडतो आणि दोष पुष्कळदा तिचाच असतो.

रिम आतून बघितल्याशिवाय टायर चढवू नये. गंज काचपेपरने घासून काढावा, निपलच्या, म्हणजे आरे रिममध्ये आवळणाऱ्या छोट्या नटांच्या, वर आलेली आऱ्यांची टोके कानशीने घासून सपाट करावीत आणि नवी कापडी किंवा रबरी पट्टी लावावी. टायरची कड जिथे बसते ती पायरीच गंजून खाल्ली गेली असेल, तर रिम बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. ६३५ ची रिम भारतात नवी मिळते, त्यामुळे त्यात दुःख करण्यासारखे काही नाही, फक्त जुनी रिम भंगारात न देता जपून ठेवावी.

चढवताना

मागच्या चाकाला पूर्ण बंद चेनकव्हर असेल, तर ते चाक पहिल्यांदा तरी मिस्त्रीकडूनच काढून घ्यावे. पुढचे चाक घरी करण्यासारखे आहे. ट्यूबवर शंखजिऱ्याची पावडर चोळावी, म्हणजे ती टायरला चिकटत नाही. टायरची एक कड आधी पूर्ण चढवावी, वॉल भोकातून घालावा, ट्यूबला फक्त आकार येईल इतकीच हवा द्यावी आणि मग दुसरी कड वॉलच्या समोरच्या बाजूपासून दोन्ही हातांनी चढवत वॉलपाशी संपवावी. शेवटचा भाग अडला, तर लिव्हर घेण्याआधी चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात चाकभर दाबत आणावी. तिथला व्यास लहान असल्याने अडलेल्या बाजूला ढील मिळते. योग्य मापाचा टायर या युक्तीने बहुधा अंगठ्यांनीच चढतो. एवढे करूनही जर हातभर कड बाहेर राहत असेल, तर जोर न लावता आकडा पुन्हा वाचावा.

उलट चूक अधिक धोक्याची आहे. ५८४ च्या रिमवर ५९० चा टायर अगदी लाडात चढतो, अंगठासुद्धा लावावा लागत नाही, आणि हवा भरताना किंवा उतारावर ट्यूब बाहेर येऊन फटाक्यासारखी फुटते. सहज चढलेल्या टायरचा आनंद मानण्याआधी त्याच्या कडेजवळची बारीक उठावाची रेघ पाहावी. ती रिमपासून चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

जुन्या पोलादी रिमच्या भिंती सरळ असतात. आजच्या रिमांना टायर पकडून ठेवणारा जो आत वळलेला ओठ असतो, तो त्यांना नाही. त्यामुळे टायरवर ७५ पौंड छापलेले असले तरी तेवढी हवा या रिमवर भरण्याची हौस करू नये. पुढे ४० ते ४५ आणि मागे ५० पौंडांच्या आसपास पुरते. आधी २० पौंड भरून चाक फिरवावे, रेघ तपासावी, कुठे टायर आत दबलेला असेल तर हवा सोडून तो भाग साबणाच्या पाण्याने ओला करून पुन्हा भरावी. मगच पूर्ण हवा. अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण नव्या कडक टायरवर अंगठा खोटे सांगतो, म्हणून काट्याचा पंप वापरावा.

चाक बसवल्यावर सळयांच्या ब्रेकचे रबर टायरला नव्हे, रिमलाच लागते आहे हे दोन्ही बाजूंनी वाकून पाहावे. पहिले दोन-तीन दिवस गल्लीतच चालवावी, रात्री हवा मोजून ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. चार-पाच पौंडांहून जास्त उतरली असेल, तर टायर काढण्याआधी वॉलवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहावे.